तीन सह्या

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या प्राथमिक विभागाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेकडून घरी येणाऱ्या सूचना आणि येत्या वर्षातील कार्यक्रम या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बीवायके महाविद्यालयातून बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. परंतु या विषयात माझ्या नावावर एक जुनी थकबाकी आहे. ती आज आपणासमोर मांडावी, असे ठरवून आलो आहे.

१९९४ सालची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेची सूचनावही रात्री माझ्यासमोर येई. मी त्या वेळी रोजमेळ लिहीत बसलेला असे. त्याच पेनाने वहीत सही करून वही परत देत असे. सहल असेल, वर्गणी असेल, उद्या सुट्टी असेल. ते सौभाग्यवती पाहून घेतील, असा माझा समज. आणि यांनी सही केली म्हणजे वाचलेच असेल, असा त्यांचा समज.

त्याच सुमारास मुलाच्या गणितात फार चुका होऊ लागल्या. फळ्यावरच्या तीनाचा वहीत आठ होई. लक्ष देत नाही म्हणून मी त्याला रागावत असे. एकदा हातही उगारला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या खरेदीसाठी त्याच्या वर्गशिक्षिका दुकानात आल्या. साडी पसंत झाली. घडी घालून होईपर्यंत त्यांनी सहज विचारले, "शेठजी, मुलाच्या डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले?"

मी म्हणालो, "कोणते डॉक्टर, बाई?"

त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "दुसरीत दोनदा आणि या वर्षी एकदा लिहून पाठवले आहे. तिन्ही सूचनांखाली आपली सही आहे."

रात्री जुन्या वह्या काढल्या. 'मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाही असे वाटते, कृपया डोळे तपासून घ्यावेत,' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, आणि खाली माझी झोकदार सही. डॉक्टरांनी सांगितले की, एका डोळ्याचा नंबर फार असला की मेंदू त्या डोळ्याचा वापर हळूहळू सोडून देतो. लहानपणीच लक्षात आले तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी बांधून तो डोळा कामाला लावता येतो. वय वाढेल तसे ते कठीण होते. चष्मा झाला, पट्टी झाली. सुधारणाही झाली, पण उजवा डोळा पूर्ण सुधारला नाही. आज तोच मुलगा दुकान सांभाळतो. ताग्यावरील बारीक अक्षरे वाचताना तो मान किंचित वळवतो. त्याने मला कधीही बोल लावला नाही.

पालकहो, आज सूचनावहीची जागा बहुतेक ठिकाणी मोबाइलने घेतली आहे. वर्गाच्या गटावर संदेश येतो, त्याखाली चाळीस जण हात जोडल्याचे चित्र पाठवतात आणि मूळ संदेश वर निघून जातो. माझ्या सह्या आणि ते जोडलेले हात यांत मला तरी फरक दिसत नाही.

वास्तविक तारखा लक्षात ठेवणे आपणास जड जात नाही. जीएसटीचे विवरणपत्र आपण चुकवत नाही. चातुर्मास प्रवेश कोठे आहे, पर्युषण कधी सुरू होते, हे आपल्या घरी कितीतरी आधी माहीत असते. त्याच भिंतीवर शाळेच्या तारखा असाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. आरोग्य तपासणीचा दिवस त्यात सर्वांत ठळक लिहावा. का, ते आता सांगण्याची गरज नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ज्यांच्या जयंतीचा हा दिवस, ते कुसुमाग्रज आपल्याच गावात राहिले. तेव्हा नाशिकच्या शाळेत त्या दिवशी आई-वडिलांच्या खुर्च्या रिकाम्या राहणे शोभत नाही. याशिवाय सिंहस्थ. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीकडील रस्ते कसे बंद होते, ते आपण अनुभवले आहे. त्या दिवसांच्या सूचना तरी आदल्या रात्री वाचाव्यात. बंदोबस्तात रिक्षातील लहान मुले अडकून पडू नयेत.

आता पालक सभेविषयी, कारण तेथे आपली अनुपस्थिती मला अधिक खटकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समिती सोडतीने निवडली जाते. शुल्कवाढीचा प्रस्ताव पुढील वर्षाच्या सहा महिने आधी याच समितीपुढे येतो. म्हणजे जूनमध्ये भरावयाच्या शुल्काचा विचार आदल्या डिसेंबरातच सुरू झालेला असतो. आपण मात्र शुल्क वाढल्यावर जूनमध्ये दुकानाच्या पायरीवर उभे राहून तक्रार करतो. सोडतीच्या दिवशी आपण कोठे होतो?

माझ्या धंद्यातलेच एक उदाहरण देतो. २०२४-२५ साली शासनाने शाळांच्या मोफत गणवेशाचे काम राज्य पातळीवरून करण्याचे ठरवले. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, मापांच्याही तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आला. कापडात चाळीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, मुलाच्या खांद्याचे माप त्याच्या आईला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही कार्यालयाला असत नाही.

ज्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व बडोदा संस्थानात लागू केला, ते सयाजीराव महाराज मूळचे आपल्याच जिल्ह्यातील कवळाणे गावचे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तेव्हा दंड होई. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तो दरमहा एक रुपया ठेवला होता. आमच्या पिढीला दंडाची गरज पडली नाही. आम्ही मुले पाठवली, आणि पाठवून झाल्यावर पाठ फिरवली.

शिक्षिका भगिनींनाही एक नम्र सूचना. महत्त्वाची गोष्ट तीनदा लिहूनही उत्तर आले नाही, तर कृपया सरळ दुकानात या. माझ्या बाई त्या दिवशी साडी घ्यायला आल्या नसत्या, तर आणखी किती महिने गेले असते कोण जाणे.

दाराजवळच्या टेबलावर वार्षिक नियोजनाचा तक्ता ठेवला आहे. घरोघरी आजी-आजोबाही तो वाचतील म्हणून मोठ्या टाइपात छापून घेतला आहे. प्रत्येक कुटुंबाने एक प्रत न्यावी. त्याच टेबलावर माझ्या मुलाची दुसरीची वहीही आहे. कागद जीर्ण झाला आहे, पाने जपून उलटावीत.

जय जिनेंद्र!