आईने पाहिलेला जपानी सिनेमा

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘अमेरिकेतील सांस्कृतिक जीवन’. एवढ्या मोठ्या विषयाला पंधरा मिनिटं म्हणजे जगाच्या नकाशात मिरज शोधण्यासारखं आहे. म्हणून मी त्यातला एक कोपरा घेतलाय. मी वॉशिंग्टनच्या जवळ राहते. त्या शहरात जपानी, चिनी, कोरियन लोकांचे उत्सव होतात, सिनेमे दाखवले जातात, त्याबद्दल बोलणार आहे. मिरजेच्या शाळेत हे कशाला, असं वाटेल. पण त्यात माझ्या आईचा संबंध आहे, आणि माझी आई म्हणजे इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या भूगोलाच्या बाई. कृष्णा नदी पश्चिमेकडे वाहवल्याबद्दल ज्यांनी छड्या खाल्ल्या, ते आता हसतायत.

२००५ च्या मार्चमध्ये आईबाबा आमच्याकडे आले. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का. आम्ही दोघं नोकरीला, मुलं आठ आणि पाच वर्षांची. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी सहाला भरायचं. आम्ही रॉकव्हिलला राहतो. तिथे चालत जाण्यासारखं काही नाही, एक चिनी किराणा दुकान सोडलं तर. आईला ते दुकान फार आवडलं. मुळा पाल्यासकट मिळायचा, कोथिंबिरीची जुडी मिळायची आणि गल्ल्यावरची बाई आईशी चिनीत बोलायची. आई तिच्याशी मराठीत बोलायची. दोघींचं कधी काही अडलं नाही.

बाबांचं तसं नव्हतं. मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर आयुष्य गेलेला माणूस. त्यांना रूळ दिसल्याशिवाय चैन पडत नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मेट्रोचा नकाशा भिंतीवर चिकटवला. रेड लाइनने मेट्रो सेंटर, तिथे गाडी बदलून स्मिथसोनियन. वर आलं की नॅशनल मॉल. मॉल म्हणजे दुकानं असतील म्हणून आई पिशवी घेऊन गेली होती. तिथे नुसतं लांबलचक गवत आणि दोन्ही बाजूंना संग्रहालयं, सगळी फुकट.

त्यातलं एक फ्रिअर. चार्ल्स फ्रिअर हा डेट्रॉइटचा कारखानदार. त्याने आशियातल्या कलावस्तू जमवल्या, १९०६ साली देशाला देऊन टाकल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९२३ साली ही इमारत उघडली. अट अशी घातली की यातली वस्तू बाहेर कुणाला उसनी द्यायची नाही. ज्याला बघायचं त्याने इथे यावं. या माणसाने पैसा कशात केला, तर रेल्वेचे डबे बनवण्यात. हे वाचल्यावर बाबांनी त्याला आपल्यातलाच मानलं. घरी येऊन म्हणाले, “वॅगनवाला होता, पण रसिक निघाला.”

याच इमारतीत खाली एक सभागृह आहे, तीनशेच्या आसपास खुर्च्यांचं. तिथे आशियातले सिनेमे दाखवतात. जपानी, कोरियन, हाँगकाँगचे, इराणी. तिकीट नाही. रांगेत उभं राहायचं आणि आत जाऊन बसायचं. बाबांनी याचा छापील कार्यक्रम आणला आणि फ्रीजवर लावला.

त्याआधी चेरीचा बहर आला. वॉशिंग्टनच्या टायडल बेसिन या तळ्याभोवती चेरीची झाडं आहेत. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला ती फुलतात आणि साऱ्या शहराला वेड लागतं. ढोल, किमोनो, रस्त्यावर नूडल्सच्या गाड्या, आणि गर्दी आपल्या उरुसाची. आई फुलांपेक्षा पाट्याच जास्त वाचत होती. वही घेऊन गेली होती. ती वही आता माझ्याकडे आहे, त्यातून सांगते. टोकियोहून पहिली २,००० झाडं १९१० साली आली. त्यांना कीड आणि रोग निघाले, म्हणून सगळी जाळावी लागली. जपानने राग न धरता पुन्हा ३,०२० झाडं पाठवली. योकोहामाहून बोटीने सिअ‍ॅटल आणि तिथून रेल्वेच्या मालडब्यांतून वॉशिंग्टन. २६ मार्च १९१२ ला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नीने आणि जपानी राजदूतांच्या पत्नीने पहिली दोन लावली. मालडब्यांच्या ओळीखाली बाबांनी पेन्सिलीने रेघ मारलीय.

पुढचं पान मला जास्त आवडतं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि काही दिवसांत कुणीतरी यातली चार झाडं तोडली. युद्ध संपेपर्यंत त्यांना जपानी म्हणायचीही चोरी. १९५२ मध्ये टोकियोत, जिथून ही झाडं आली होती तिथली मूळ झाडं खराब झाली, तेव्हा वॉशिंग्टनच्या झाडांच्या फांद्या डोळे बांधायला परत जपानला गेल्या. आईने त्याखाली लिहिलंय, ‘लेकीची लेक माहेरी’.

कॅपिटॉलजवळ एक छोटं स्मारक आहे, २००० साली झालेलं. काटेरी तारेत अडकलेले दोन करकोचे. युद्धाच्या काळात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं होतं. बहुतेक अमेरिकेचे नागरिकच. दहा छावण्यांची नावं तिथे कोरली आहेत. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली. तळ्याकाठी लाखो लोक जातात, या स्मारकापाशी मी गेले तेव्हा आम्ही चौघंच होतो. मला वाटतं, वाट थोडी वाकडी करून ते पाहिल्याशिवाय चेरीचा उत्सव पाहिला असं म्हणू नये.

चायनाटाउनबद्दल फार सांगत नाही. १९८६ ची एक भव्य कमान आहे, नव्या वर्षाला सिंहनृत्य आणि फटाके होतात. पण चिनी माणसं जागेच्या भावामुळे बरीचशी उपनगरांत गेली. उरलेल्या कॉफीच्या आणि कपड्यांच्या दुकानांच्या पाट्या मात्र चिनी अक्षरांत आहेत. बाबा म्हणाले, “स्टेशन आहे, गाडी येत नाही.”

तर मूळ गोष्ट. एका रविवारी दुपारी फ्रिअरमध्ये ‘टोकियो स्टोरी’ होता. ओझूचा, १९५३ चा. आमची पोरांच्या पोहण्याची गडबड होती, म्हणून आईबाबा दोघंच गेले. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, “कसा होता?” आई म्हणाली, “चांगला होता. तू बघ.” बाबा म्हणाले, “म्हातारा-म्हातारी मुलांकडे शहरात जातात, मुलं कामात असतात.” आणि हसले. मी कुकर लावत होते. मीही हसले.

पुढे जुलैमध्ये आम्हाला वाटलं की यांना काहीतरी दाखवलं पाहिजे. रजा तर नव्हती. आमच्या भागातून चिनी कंपन्यांच्या बसेस नायगाराला जातात, स्वस्तात, दोन-तीन दिवसांत. त्यातल्या एकीत आम्ही दोघांना बसवून दिलं. आल्यावर आई म्हणाली, “छान होता धबधबा.” सप्टेंबरमध्ये ते परत गेले. त्यानंतर आई पुन्हा आली नाही. पाय दुखतात म्हणायची.

आई २०१२ साली गेली. फोन आला तेव्हा ती दवाखान्यात होती, मी पोचले तिसऱ्या दिवशी. विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो ऑफिसला किती दिवसांची रजा कळवायची याचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत खोटं बोलायचं नाही असं तिनेच शिकवलंय, म्हणून इथे सांगते.

त्याच्या दुसऱ्या वर्षी फ्रिअरच्या कार्यक्रमपत्रिकेत पुन्हा ‘टोकियो स्टोरी’ दिसला. मी एकटी गेले.

ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावचे वयस्क आईवडील टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केस कापण्याचं दुकान चालवते. कुणी वाईट नाही, ओझूने कुणालाच खलनायक केलेलं नाही. फक्त वेळ नसतो. जावई सासूसासऱ्यांसाठी चांगला केक आणतो तर मुलगी म्हणते, एवढा महाग कशाला. मग भावंडं वर्गणी काढून त्यांना आतामी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. सोयही होते आणि मनालाही बरं वाटतं. तिथे रात्रभर माहजोंगचा खेळ आणि गाणी, म्हाताऱ्यांना झोप नाही. सकाळी ते दोघं समुद्राच्या भिंतीवर बसतात आणि म्हणतात, आता घरी जाऊया. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको, एका खोलीत राहणारी, ती एकटी नोकरीतून एक दिवसाची रजा काढते आणि त्यांना शहर दाखवते.

आतामीच्या ठिकाणी मला नायगाराची बस दिसली. पुढचा सिनेमा मी नीट पाहिलाच नाही. म्हातारी आई गावी परतते आणि आजारी पडते, एक मुलगा उशिरा पोचतो, एवढं कळलं. शेजारी बसलेल्या जपानी आजींनी मला कागदी रुमाल दिला आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

आईला सगळं कळलं होतं, आणि तिने मला सांगितलंही होतं. ‘तू बघ.’ मला बघायला आठ वर्षं लागली.

आता तुम्हाला एक आठवण करून देते. सातवीत शाळेच्या हॉलमध्ये शिपाईमामांनी पडदा बांधून ‘श्यामची आई’ दाखवला होता. रीळ दोनदा तुटलं होतं आणि मागच्या बाकांवरची मुलं शिट्ट्या मारत होती, शेवटी तीच रडली. नावं घेत नाही, समोरच बसलेत. अत्र्यांचा तो सिनेमाही १९५३ चाच. त्या एका वर्षात इकडे आणि तिकडे दोन आया पडद्यावर गेल्या, आणि श्याम काय किंवा ओनोमिचीचा मुलगा काय, दोघांनाही उशीर झाला. ‘टोकियो स्टोरी’ न्यूयॉर्कच्या थिएटरात लागायला १९७२ उजाडलं. तिकडच्या व्यापाऱ्यांना वाटत होतं की ओझू फार जपानी आहे, बाहेरच्यांना कळायचा नाही. मिरजेच्या भूगोलाच्या बाईंना तो पहिल्या खेपेला कळला, खालच्या इंग्रजी ओळी निम्म्या सुटूनही.

हे मी आमच्याकडच्या एका मराठी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. म्हटलं, आपले सिनेमे आपण आपल्यातच दाखवतो, वडापाव खातो आणि घरी जातो. एकदा दार उघडं ठेवूया. उत्तर आलं, “त्यांना काय कळणार आपलं?” मी चिडले, पण चार-पाच जणी तयार झाल्या. गावच्या वाचनालयाचा हॉल मागितला, तो फुकट मिळाला. ‘श्वास’ निवडला, कारण तो ऑस्करसाठी भारतातर्फे गेला होता आणि इंग्रजी ओळींसकट मिळाला. चहा आम्ही केला. खुर्च्या साठ मांडल्या, माणसं पस्तीस आली. त्यात मराठी नसलेली अकरा. त्यात त्या चिनी दुकानातली गल्ल्यावरची बाई होती, आईशी बोलायची ती. नातवाची दृष्टी जाण्याआधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेऊन जग दाखवतात तिथे ती रडत होती. निघताना तिने मला विचारलं, “तुझी आई आता येत नाही का?” तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “ती मुळा निवडून घ्यायची.”

तेव्हापासून आम्ही वर्षातून दोन सिनेमे दाखवतो. मंडळाने अजून खर्च मंजूर केलेला नाही. चहाचे पैसे आम्हीच काढतो.

बाबा पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी एवढं धाडसाने बोलले. काल रात्री त्यांना विचारलं, नायगारा खरंच कसा होता? म्हणाले, “बस चांगली होती. तुझी आई सगळ्या रस्त्याने झोपली. रात्री हॉटेलात गोंगाट होता.”

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि तुम्ही जाणार असाल, तर वॉशिंग्टनला या. चेरी पाहायची तर मार्चच्या शेवटी. सिनेमाला अर्धा तास आधी पोचावं लागतं, रांग असते. मला आधी कळवा. त्या दिवशी मी रजा घेईन.