कोंबडीला रवंथ नाही

आज आपण कोंबडीच्या पोटाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, हे पोट न कळल्याचा फटका आमच्या गटाला बसला आहे.

गेल्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता आणि कोंबडी खाद्याचं पोतं मात्र महाग. आम्ही म्हटलं, घरचंच सोयाबीन भरडून घालू. शेळीच्या तोंडी मूठभर गेलं तर तिला काही होत नाही, मग कोंबडीला काय होणार? दीड महिना घातलं. तलंगा वाढेनात, हाताला हलक्याच लागायच्या. अंडी लांबली. गटाचा हप्ता अंड्यांच्या पैशांतून जायचा, तो दोनदा घरखर्चातून भरावा लागला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

गाय-शेळीच्या पोटात चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवतात, जनावर रवंथ करतं. कच्च्या सोयाबीनमधला दोषही तिथे बराचसा मोडतो.

कोंबडीला ही सोय नाही. तिने टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतो. पुढे लहानशा जठरात त्यावर आम्ल आणि पाचक रस पडतो. मग तो पेट्यात जातो. आपण कलेजीबरोबर शिजवतो, तोच हा पेटा. कोंबडीला दात नाहीत. पेटा हेच तिचं जातं, आणि तिने गिळलेले बारीक खडे दाणा भरडायला मदत करतात. त्यानंतर लहान आतड्यात अन्न पचून रक्तात जातं.

कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचवणाऱ्या रसालाच अडवतो. म्हणून पोटभर खाऊनही ते अंगी लागत नाही. चांगली उष्णता दिली की हा घटक बराचसा निकामी होतो. आपलंही पोट एकाच कप्प्याचं, म्हणून आपणही सोयाबीन शिजवून किंवा भाजूनच खातो.

आता आम्ही सोयाबीन मंद आचेवर आतपर्यंत भाजतो, पण करपू देत नाही. गार झालं की भरडून मका-ज्वारीच्या भरड्यात थोडंच मिसळतो. कोंडलेल्या कोंबड्यांना खडे टिपता येत नाहीत, त्यांच्यासमोर बारीक खडी ठेवतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात देतो, कारण अंड्याचं कवच मुख्यतः चुन्याचंच असतं. प्यायला स्वच्छ पाणी दिवसभर. आणि बुरशी लागलेला दाणा कितीही जिवावर आलं तरी टाकून देतो. बुरशीचं विष भाजून जात नाही.

दोन महिन्यांनी तलंगा अंड्यावर आल्या. आता हप्ता पुन्हा कोंबड्याच भरतात.

तर मैत्रिणींनो, घरचं स्वस्त पडतं हे खरंच. पण कोणाच्या पोटात काय पचतं, हे आधी विचारा. आम्ही उशिरा विचारलं, तुम्ही वेळेवर विचारा.