खोकल्याची बाटली

आम्ही इथल्याच, इंदूरच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवर औषधं देणारे. आरोग्यावर बोला म्हणालात. मधुमेहावर दरवर्षी होतंच, म्हणून आज खोकल्याच्या औषधावर बोलतो. खोकला नसलेली मुलं ते पितात.

यातल्या काही औषधांत कोडीन असतं. ते अफूतून निघतं. आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमचकडे, परवान्यावर अफू पिकते. कोडीन पोटात गेलं की यकृत त्यातल्या काहीचं मॉर्फीन करतं. १०० मिलीच्या नेहमीच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम कोडीन, शिवाय सर्दीचं क्लोरफेनिरामिन ८० मिलिग्रॅम. हे दुसरं मोठ्या माणसालाही दिवसाला २४च्या वर देत नाहीत. मुलगा बाटली एका दमात रिचवतो. त्यावर दारू घेतली, तर झोपेतच श्वास मंदावतो.

कायद्याने कोडीन एच-१ यादीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, दुकानदाराने वहीत नोंद करून ती ३ वर्षं ठेवायची. तरी बाटल्या मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

दारूसारखा वास येत नाही, म्हणून आईला शंका येत नाही. भरदिवसा पेंग, बारीक झालेल्या बाहुल्या, बद्धकोष्ठ, दप्तरात रिकामी बाटली, याकडे लक्ष ठेवा. सापडलं तर मारू नका, आणि लोक काय म्हणतील म्हणून झाकूही नका; आपल्यात हे दुसरं फार चालतं. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. मुलगा हलवूनही उठत नसेल, श्वास घुरघुरत असेल, तर ताबडतोब दवाखान्यात आणा, बाटलीसकट. कोडीनवर नॅलॉक्सोनचा उतारा आहे, पण पोरगा काय प्यायला ते डॉक्टरांना कळायला हवं.