यवतेश्वरचा घाट आणि एक दुरुस्ती

(दहावी १९९४ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला ‘पंचेचाळिशीनंतरची धाव’ असा विषय दिलाय. तो का दिला ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. गळ्यात पदक घातलेला माझा फोटो आपल्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अभिनंदनाची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘अख्खा यवतेश्वर पळत चढली आपली पोरगी!’ त्यावर मी हात जोडलेले तीन इमोजी टाकले आणि फोन बाजूला ठेवला.

तर आज सांगून टाकते. गेल्या वर्षी मी तो घाट पळत चढले नव्हते. निम्म्याहून जास्त चालले होते. चालण्यात वाईट काहीच नाही, शेकडो लोक चालतात. पण मी तुम्हाला ते सांगितलं नाही, हे मला टोचत राहिलं. आजचं भाषण म्हणजे त्या तीन इमोजींची दुरुस्ती समजा.

मी शाळेत कशी होते ते आठवतंय ना? बाळदम्यामुळे पी.टी.ला कायम माफी. आईची चिठ्ठी वहीत घडी करून तयारच असायची. क्रीडादिनाला मग मला करायला काय, तर चुन्याच्या रेषेजवळ टेबल टाकून सरांशेजारी बसायचं. सर स्टॉपवॉच बघून सेकंद सांगायचे, मी लिहायची. पाच वर्षं मी तुम्हा सगळ्यांच्या वेळा लिहिल्या. इथे बसलेल्यांपैकी निदान दहा जणांची शंभर मीटरची वेळ माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं म्हणून सरांनी कौतुकही केलं होतं. पुढे इंजिनिअर झाले, तरी फारसा फरक पडला नाही. दुसऱ्यांच्या नोंदी नीट ठेवणाऱ्या प्रणाली लिहायच्या, पगार घ्यायचा.

दमा केव्हाच गेला होता, माफी तेवढी राहिली होती. २०२१ मध्ये पुण्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवडाभर बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी दोनदा टेकायची. तपासण्या केल्या. फुफ्फुसं व्यवस्थित निघाली, पण हिमोग्लोबिन ९.४ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या दारात उभी. आमच्या आप्पांना मधुमेह आहे, त्यामुळे त्या दाराच्या आत काय असतं ते मी घरातच पाहिलेलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं करत करत दीड वर्षात दहा किलोमीटर पळायला लागले. तो सगळा प्रवास सांगत बसत नाही, पळणारी माणसं त्याच्यावर फार बोलतात आणि ऐकणाऱ्यांना जांभया येतात.

बाहेरगावी असलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण आपण शिकत होतो तेव्हा ही शर्यत नव्हती. २०१२ मध्ये सातारा रनर्स फाउंडेशनने ती सुरू केली. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वांत जास्त लोक धावल्याची नोंद गिनेस बुकात झाली. अंतर एकवीस किलोमीटर. गावातून समर्थ मंदिर, तिथून बोगद्याकडे, आणि मग यवतेश्वरचा घाट. वर कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने खाली. पाऊस, धुकं आणि ओला रस्ता हे धरूनच चालायचं. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं. ढोल, लेझीम, रेनकोट घातलेली शाळेची पोरं, आणि दारात वाटीत खडीसाखर घेऊन उभ्या असलेल्या आज्या. पुण्या-मुंबईच्या शर्यतीही मी पाहिल्यात, पण तिथे कुणी ‘कुणाची गं तू?’ असं विचारत नाही.

गेल्या वर्षी शर्यत झाल्यावर मी पदक घेऊन घरी गेले. आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते हे तुम्हाला माहीत आहे. सातारा–बामणोली गाडी कितीतरी वर्षं त्यांच्याकडे होती, म्हणजे हाच घाट. आता वय अठ्ठ्याहत्तर. पदकाकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, “घाटात पॅसिंजर उतरवलं व्हतं का?”

पूर्वी गाडी भरलेली असली आणि चढाला दमली, की पॅसेंजर उतरून मागून चालत यायचे. मी काहीच बोलले नाही. त्यांनी ओळखलं आणि पेपर उघडला.

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या वर्षी घाट पळत चढायचा. वेळ कितीही लागो. इंजिनिअर असल्यामुळे आधी व्याख्या लिहून काढली. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना प्रत्येक पावलात क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. म्हणजे वेग किती का असेना, दोन्ही पाय सुटले पाहिजेत. घाट सुरू होतो तिथून वरच्या वळणापर्यंत, एकही पाऊल चालीचं नाही.

सरावाला पुण्यात बुधवारी एआरएआयच्या टेकडीचा रस्ता आणि महिन्यातून दोन रविवार सिंहगडाचा घाट. सुरुवातीला सगळं चुकत होतं. मी चढ आला की जोर लावायची आणि तिसऱ्या वळणाला मांड्या भरून यायच्या. एकदा फोनवर आप्पांजवळ रडगाणं गायले. ते म्हणाले, “तू टॉपमधी चढायला बघतीस. सेकंड टाकायचा आन् घाट सरंपातुर गिअरला हात लावायचा न्हाई.” मग मी घड्याळाकडे बघायचं सोडलं. पावलं लहान केली, नजर समोरच्या चार-पाच हातांवर ठेवली, आणि एक कसोटी लावली. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर आणखी हळू. सिंहगडाच्या रस्त्यावर पहाटे एक बाई स्वतःशी बोलत पळत असे, ती मीच.

नोकरीचं सांगते, कारण ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं होतं. रात्री साडेदहापर्यंत अमेरिकेशी कॉल असायचे. पाच दिवस सराव हे पुस्तकात ठीक आहे, मला तीनच जमले. एप्रिलमध्ये टाच धरली, पाच आठवडे घरात बाटली पायाखाली फिरवत बसले. स्वयंपाकाला बाई लावली. त्यात मला अपराधी वाटलं नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

यंदाच्या शर्यतीच्या सकाळी झिमझिम होती. समर्थ मंदिरापर्यंत गर्दीच्या जोरावर गेले. आपल्या शाळेची पोरं गणवेशात उभी होती, टाळी द्यायला हात पुढे करून. मग चढ सुरू झाला आणि मी सेकंड टाकला.

पहिली काही वळणं ठीक गेली. मग धुकं आलं, ढोलाचा आवाज खाली राहिला, आणि फक्त बुटांचे आणि श्वासांचे आवाज उरले. तिथे एक साठीचे काका माझ्या शेजारून मला मागे टाकून गेले. चालत. मी पळत होते, ते चालत होते, आणि ते पुढे गेले. जाता जाता प्रेमाने म्हणाले, “ताई, चाला की. तेवढाच वेळ लागतो.”

काकांचं गणित बरोबर होतं. तशा चढावर माझ्यासारखीचं पळणं आणि दमदार चालणं यांत वेळेचा फरक पडत नाही, उलट चालण्यात ताकद वाचते. बिबवर लावलेल्या चिपला तर काहीच कळत नाही. ती फक्त सुरुवातीच्या, वळणाच्या आणि शेवटच्या पट्टीवर तुमची वेळ टिपते. मधल्या अंतरात तुम्ही पळालात की चाललात, याची नोंद कुठेच नसते. मी स्वतः असल्या प्रणाली लिहिते, मला हे जास्तच नीट माहीत आहे. त्या क्षणी माझ्याकडे पळत राहायला एकही शहाणं कारण नव्हतं. मी पुढचं वाक्य मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही, पण वाक्य पूर्ण झालं, तेव्हा पळत राहिले.

वर पोचायच्या थोडं आधी उजव्या बुटाची नाडी सुटली. थांबून बांधली, वीसेक सेकंद गेली असतील. मग पुन्हा सुरू. घाट संपला तेव्हा तिथे कमान नव्हती की कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. रस्ता सपाट झाला इतकंच. मी पळत पळतच रडले, पाऊस असल्याने खपून गेलं.

उतारावर गेल्या वर्षी मी सुसाट सुटले होते आणि दोन नखं काळी करून घेतली होती. ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, हा ड्रायव्हरांचा नियम या वेळी पाळला.

आता वेळ सांगते. गेल्या वर्षी तीन तास आठ मिनिटं. यंदा तीन तास अकरा. तीन मिनिटं जास्त. ग्रुपवर निकाल बघून आपल्यापैकीच एकाने, नाव घेत नाही, मला खासगीत लिहिलं, ‘यंदा जरा कमी पडलीस, होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस.’ बाबा रे, तू समोरच बसला आहेस. मनापासून धन्यवाद.

घरी गेले. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. या वेळी मीच आधी म्हणाले, “एकबी पॅसिंजर उतरवला न्हाई.” मग मन राहवेना म्हणून नाडीचं सांगितलं, की एकदा थांबले होते. त्यांनी विचार केला. म्हणाले, “रेडिएटरला पाणी घालाय थांबलं तर गाडी बंद पडली म्हनत न्हाईत.” आणि आत वळून आईला चहा टाकायला सांगितलं, बिनसाखरेचा, दोघांना.

सर, तुम्ही हसताय. तुमच्या त्या वहीत माझ्या नावापुढे पाच वर्षं ‘माफी’ असं मीच लिहिलं होतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा शेवटचं. उद्या सकाळी जे साताऱ्यात मुक्कामाला आहेत, त्यांच्यासाठी पावणेसहाला शाळेच्या फाटकाशी जमायचं. यवतेश्वरपर्यंत जाऊ. चालायचं आहे, पळायचं नाही, गुडघे सगळ्यांचे सारखेच जुने झालेत. छत्री नको, टोपी आणि कानपट्टी आणा, थंडी आहे. साखरेच्या, प्रेशरच्या गोळ्या ज्याने त्याने आपापल्या घ्याव्यात. परत आल्यावर मिसळ ठरली आहे, पैसे ‘ब’ तुकडी देणार आहे.