थोर पुरुष आणि आपले स्मरण
(ज्युबिली-समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे गुणगान व्हावे, हे उचितच होय. परंतु थोर पुरुषांस आपण कोणत्या रीतीने आठवतो, याचाही थोडा विचार आज करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या बीड जिल्ह्यात विरळा. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. शाळेतील मुलास विचारावे, तर ते चटकन सांगते : भगव्या वस्त्रांतील स्वामीजींनी निजामाचे राज्य घालविले. उत्तर खोटे नाही. पण किती आखूड! १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस उजाडला तेव्हा स्वामीजी कारागृहात होते. निजामाने शरणागती पत्करली ती भारतीय सैन्यापुढे. संन्यासापूर्वी ते व्यंकटेशराव खेडगीकर होते. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. हिप्परग्यास आणि पुढे अंबाजोगाईस त्यांनी मुले शिकविली.

याहूनही विस्मृतीत गेला तो विजयानंतरचा कलह. कसणाऱ्या कुळास जमीन मिळावी, असा स्वामीजींचा आग्रह. हैदराबाद काँग्रेसमध्येच दोन तट पडले. दुसऱ्या तटाचे अग्रणी बुर्गुल रामकृष्णराव, आणि १९५२ साली मुख्यमंत्री झाले तेच. निजामाशी झालेले भांडण आपण आनंदाने आठवतो, कारण त्यात आज आपले काहीच जात नाही. जमिनीचे भांडण मात्र गावोगाव आपल्याच बांधावरचे होते. ते कोण आठवील?

संत पेत्राच्या मूर्तीच्या हाती किल्ल्या असतात. मूर्तीस तेवढे पुरते. परंतु कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने प्रभूस तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली. आपल्या पहिल्या पुढाऱ्याची ती लाजिरवाणी रात्र कोणीच गाळली नाही.

या धर्मग्रामाच्या पहिल्या धर्मगुरूंविषयी व कॅटेकिस्टांविषयी आज ‘त्यागी’, ‘प्रेमळ’ असे शब्द पुष्कळ वेळा उच्चारले गेले. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले, अशी वृद्ध मंडळी अद्याप आपल्यात आहेत. ते कशावरून रागावत, कोणाशी त्यांचे पटले नाही, कोणते काम अर्धे टाकून त्यांना जावे लागले, हे तरुणांनी त्यांच्याजवळ बसून विचारावे व वहीत उतरून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी आरंभ केलात तर बरे. आमच्या वयाच्या माणसांचा भरवसा तो काय!