कोठार आणि कोठारी



भाषेच्या प्राध्यापकाने साथीच्या रोगांविषयी काय बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु माझा विषय रोगाचा नसून कोठाराचा आहे.

अमेरिकेने १९९९ साली औषधे व वैद्यकीय साहित्य यांचा राष्ट्रीय साठा उभारला. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत त्यातून सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मुखपट्ट्या वाटल्या गेल्या. हे योग्यच झाले. त्या त्यासाठीच होत्या. पण रिकामी झालेली जागा पुन्हा पूर्वीसारखी भरली गेली नाही. २०२० च्या प्रारंभी वापरण्याजोग्या उरल्या होत्या सुमारे एक कोटी वीस लाख. भीषण साथीत वर्षभरात साडेतीनशे कोटी लागतील, असा तेथील सरकारचाच अंदाज होता! वाटपात काही मुखपट्ट्यांचे रबरी बंद कुजलेले निघाले. इतक्या धनाढ्य देशातील न्यूयॉर्कसारख्या शहरात परिचारिकांनी कचऱ्याच्या पिशव्या अंगावर चढवून रुग्णसेवा केली.

आपल्याकडे अंगभर झाकणारा संरक्षक पोशाख तोवर जवळजवळ तयारच होत नसे. मे २०२० मध्ये असे दोन लाख पोशाख रोज बनत असल्याचे पंतप्रधानांनी सांगितले. हे कर्तृत्व खरेच मोठे. परंतु कारखाने उभे राहीपर्यंतच्या आठवड्यांत रुग्णाच्या उशाशी जी उभी होती, तिचे काय? साठा हवा असतो तो नेमका त्या आठवड्यांसाठी.

कौटिल्याने कोष्ठागाराच्या अध्यक्षाला सांगितले आहे की, निम्मे आपत्काळासाठी राखावे, निम्मे वापरावे आणि जुन्याच्या जागी नवे भरत जावे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र त्याहून रोखठोक आहे. गडावरील दारू नुसती कोंडून ठेवू नये. ठरावीक दिवसांनी बाहेर काढावी, ऊन द्यावे, पुन्हा मोहोरबंद करावी, आणि हे काम हवालदाराने जातीने करावे. सह्याद्रीच्या पावसात दारू सर्दते, हे अमात्यांना पक्के ठाऊक होते. (आज्ञापत्र आम्ही वर्गात गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवीत आलो, त्यातला हवालदार मात्र परीक्षेत कधी विचारला गेला नाही.)

मुखपट्टीलाही मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी ती सरकारी रुग्णालयांत रोजच्या वापरासाठी द्यावी आणि तितकीच नवी साठ्यात भरावी, एवढी साधी ही व्यवस्था. अडचण पैशाची आहेच, परंतु त्याहून मनोवृत्तीची आहे. साथ नसलेल्या वर्षी हा खर्च अंदाजपत्रकात उधळपट्टी दिसतो, आणि कात्री प्रथम तेथेच लागते. म्हणून या खरेदीची तरतूद वार्षिक घासाघिशीबाहेर ठेवावी, आणि कागदावरील आकड्यांवर विसंबून न राहता दरवर्षी कोणी तरी प्रत्यक्ष खोके उघडून पाहावे.