आंकडे शिकवितांना

इ. स. २०१९ च्या जुलै महिन्यांत, मराठवाड्यांत पाऊस लांबलेला असतां, मुकुंदवाडींतील कांहीं लहान मुलें आगगाडीनें औरंगाबाद स्थानकावर पाणी आणावयास जातात, असें वृत्त प्रसिद्ध झालें. शाळा सुटल्यावर सोबत्यांनीं खेळावयास जावें आणि या मुलांनीं मात्र रिकामीं भांडीं घेऊन गाडीची वाट पाहावी, गर्दींत कसेंबसें चढावें, जाऊन येऊन सुमारें १४ किलोमीटरांचा प्रवास करावा, असा त्यांचा क्रम होता. गाडी उशिरा आली म्हणजे पाणीही उशिरा.

आतां, आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच शहराचा पाणीपुरवठा हा विषय डेटा सायन्सच्या एखाद्या विद्यार्थ्यास नेमून दिला, अशी कल्पना करावी. पैठणच्या नाथसागरांतून येणारें पाणी, लोकसंख्या, नळजोडण्या यांचीं पत्रकें तो मिळवील आणि सरासरी काढील. संगणक तिचा सुरेख आलेखही काढून देईल. समजा, दहा घरांपैकीं नऊ घरांस शंभर शंभर लिटर पाणी मिळालें व दहाव्यास थेंबही मिळाला नाहीं. सरासरी ९० लिटर येते. आंकडा मोठा समाधानकारक आहे! हिशेब नळजोडण्यांच्या पत्रकावरूनच केला, तर नळ नसलेलें तें दहावें घर गणतींतूनही गळतें आणि सरासरी पुन्हां १०० वर जाते. पुढें टँकर कोठें पाठवावा हें तक्रारींच्या नोंदींवरून यंत्रास ठरवूं दिलें, तर तक्रार नोंदविण्याची ज्यास सवड आहे, त्याच्याच दारीं टँकर उभा राहील. यांत गणिताची चूक एकही नाहीं.

हें शास्त्र नांवानें नवें असलें तरी त्याचा पाया संख्याशास्त्राचा आहे. महाराष्ट्रांत पुणें विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग प्राध्यापक वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं १९५३ सालीं उभा केला. अमेरिकेंत विल्यम क्लीव्हलंड यांनीं २००१ सालीं डेटा सायन्सचा जो आराखडा मांडला, त्यांत विद्यापीठीय विभागांनीं आपलें बळ कसें वांटावें हेंही सांगितलें होतें. इतर शास्त्रांतील प्रत्यक्ष प्रश्नांवरील कामास त्यांनीं २५ टक्के वांटा दिला, आणि संगणकावरील कामास १५ टक्के. आजचीं पुष्कळशीं माहितीपत्रकें चाळलीं म्हणजे हें प्रमाण उलट वाचलें गेलें कीं काय, अशी शंका येते.

या बाबतींत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें उदाहरण वर्गांत अवश्य सांगण्याजोगें आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ मध्यें जन्मलेल्या सुखात्मे यांनीं लंडनला संख्याशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें आणि परत येऊन पिकांच्या उत्पन्नाच्या पाहणीचें काम केलें. सर्व शेतें कापून मोजणें शक्य नसतें. म्हणून शेतांत एक लहान तुकडा आंखून तेवढेंच पीक कापावयाचें व त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधावयाचा. तुकडा जितका लहान, तितकें काम स्वस्त, आणि असे तुकडेही पुष्कळ घेतां येतात. परंतु फार लहान तुकड्यांवरून काढलेलें उत्पन्न खऱ्याहून जास्त भरतें, हें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत दाखवून दिलें. त्याचें कारण कापणाऱ्याच्या हातांत होतें. आंखलेल्या रेषेवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे मनुष्याचा हात तें आंत घेण्याकडे झुकतो. एक मीटर बाजूच्या चौरसास एका चौरस मीटरामागें चार मीटर कड असते. दहा मीटर बाजूच्या चौरसास शंभर चौरस मीटरांमागें अवघी चाळीस मीटर. म्हणून लहान तुकड्यांत कडेवरच्या रोपांचा मान फार मोठा. असे तुकडे हजारांनीं वाढविले, तरी प्रत्येक तुकड्यांत तोच झुकता हात असतो. चूक कमी न होतां अधिक खात्रीची वाटूं लागते, इतकेंच. आंकड्यांचा ढीग म्हणजेच ज्ञान, असें मानणाऱ्या तरुणानें हें एक उदाहरण तरी पुरतें पचवावें.

तेव्हां पहिल्या सत्रांत विद्यार्थ्याच्या हातीं तयार कोष्टकें न देतां कोरें पत्रक द्यावें आणि त्यास एखाद्या गल्लींत पाठवावें. वेळ जाईल, अभ्यासक्रम मागें पडेल, कांहीं पालक कुरकुरतीलही. पण पत्रक भरणाऱ्यास दारांत उभें राहून ऐकावें लागतें, आणि छापील चौकटी किती तोकड्या असतात हें तेथेंच कळतें. ‘पाणी कोठून आणतां?’ या प्रश्नापुढें नळ, विहीर, टँकर अशा तीन चौकटी असतील. मुकुंदवाडीच्या त्या मुलांचें उत्तर, ‘गाडीनें जाऊन स्थानकावरून’ हें, यांपैकीं कोणत्या चौकटींत लिहावयाचें, यावर वर्गांत तासभर वाद झाला, तर शिक्षकानें त्या दिवशींचें ठरलेलें प्रकरण खुशाल दुसऱ्या दिवसावर ढकलावें.